प्रतिसाद: 'शेड' क्रियापदाचा मूळ अर्थ

इंग्रजीत गुरांची शेड (shed) आणि अश्रू 'शेड' (shed) करणं यांचं मूळ एकच, असं वर आलंय. तसं नाही. गोठ्याची शेड 'शेड' (shade) म्हणजे सावली, यातून आली. क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतलं, अर्थ 'वेगळं करणं'. जर्मन 'शाइडन' त्याचं भावंड, आपला संस्कृत 'छिद्' (कापणं) दूरचा नातलग. गाळणं, ढाळणं हे अर्थ नंतरचे.

मूळ अर्थ मागावर अजून जिवंत आहे! ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे वर, काही खाली गेले की मधून आडवा धागा नेणारा धोटा जातो. ती फट म्हणजे 'शेड'. ताण असमान असेल तर फट स्वच्छ उघडत नाही, धोटा अडतो, धागे तुटतात.

स्कॉटलंडचे मेंढपाळही कळपातून मेंढ्या 'शेड' करतात, म्हणजे वेगळ्या काढतात. 'वॉटरशेड' म्हणजे आधी जलविभाजक रेषा, म्हणजे दोन बाजूंना वाहणारं पाणी वेगळं करणारी. पाणलोट क्षेत्र हा अर्थ नंतर आला.