माणसं तेवढीच, चुली वाढल्या

गावाची लोकसंख्या दहा वर्षांत जागची हलली नाही, मग घरांचे भाव वाढले ते निव्वळ सट्टेबाजांमुळे, असं एकाने म्हटलंय. तो मुद्दा मला अर्धाच पटला. सट्टा असेलही. पण घरं डोक्यांच्या हिशेबाने लागत नाहीत, चुलींच्या हिशेबाने लागतात. १०,००० वस्तीच्या गावात घरटी सरासरी ५ माणसं असली तर २,००० घरं पुरतात. तीच सरासरी ४ वर आली की २,५०० लागतात. बाहेरून एकही माणूस न येता ५०० घरांची मागणी! मुलं वेगळी चूल मांडतात, म्हातारी एकटीच सहा खोल्यांत राहते. रात्री बघावं तर एका खिडकीत दिवा, बाकी अंधार. त्यातच वारसांच्या सह्या जमत नाहीत म्हणून कुलूप गंजत पडलेली घरं. कागदावर घर आहे, बाजारात नाही.

बाकी 'सरासरी भाव एका वर्षात दीडपट झाला' हा त्याचा दावा मी फार मनावर घेणार नाही. लहान गावात वर्षाला विकली जाणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात दोन मोठे बंगले निघाले की सरासरी उडी मारते, शेजारच्या दोन खोल्यांच्या घराचा भाव तिथेच असतो. किमती चढत्या क्रमाने लावून मधला आकडा बघा, आणि तोही तीन-चार वर्षांचे व्यवहार एकत्र करून. आणि हो, नवीन वसाहत आखणाऱ्यांनी सगळी तीन-चार खोल्यांचीच घरं का काढली, ते कुणी विचारलंय का? एकट्यादुकट्याला परवडेल असं त्यात काहीच नाही.