गंडमच्या डीव्हीडी संचात पंधरावा भाग कुठे गेला?

गच्चीवरून

नमस्कार मंडळी,

माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून येताना 1979 च्या 'मोबाइल सूट गंडम' या जपानी ॲनिमेशन मालिकेचा इंग्रजी डीव्हीडी संच घेऊन आला. दोन खोकी आहेत, वापरलेली, पण डिस्कवर एक ओरखडा नाही. मी आणि माझी लेक (आठवीत आहे) रात्री जेवणं आटोपली की बघत बसतो. परवा तो भाग झाला ज्यात शत्रूचे, म्हणजे झिऑनचे सैनिक गंडम या अजस्र रोबोच्या अंगाला बॉम्ब चिकटवून जातात आणि तो चालवणारा पोरगा अमुरो एकटा ते हातांनी काढत बसतो. लेक श्वास रोखून बसली होती. लगेच पुढचा लाव म्हणाली.

पुढचा लावला तर अमुरोच्या जहाजावरची सायला कोणाला न सांगता गंडम घेऊन बाहेर पडते तो भाग. लेकीने नेटवरची यादी उघडली होती. त्यात बॉम्बवाला चौदावा आणि सायलाचा सोळावा. मधला पंधरावा, 'कुकुरुस दोआनचं बेट', आमच्याकडे नाहीच. दोन्ही खोकी उलटी केली, पुस्तिका वाचली. सगळीकडे मालिकेचे 43 भाग लिहिलेत, आमचे भरतात 42.

संच नकली आहे का? की एखादी डिस्क आधीच्या मालकाकडे राहिली? आणि दुसरं, याच मालिकेवरून केलेले जे तीन चित्रपट आहेत ते घेतले तर ही गोष्ट पूर्ण होते का? लेकीला अर्धवट दाखवायचं नाहीये, म्हणून विचारतोय.

चिंचपोकळी

संच अस्सल आहे, काळजी सोडा. इंग्रजीत आलेल्या सगळ्या आवृत्त्यांत 42 च भाग आहेत. आधीच्या मालकाने काही ठेवून घेतलेलं नाही.

माझं मत विचाराल तर तीन चित्रपट घ्या आणि मोकळे व्हा. पहिले दोन 1981 चे, तिसरा 1982 चा. दर आठवड्याला एक भाग उरकताना राहिलेली कच्ची चित्रं त्यात बरीच सुधारली आहेत. तिसऱ्यातला मोठा हिस्सा तर मालिकेची पात्रं रेखाटणाऱ्या यासुहिको योशिकाझु यांनी नव्याने काढला. मालिका चालू असताना ते आजारी पडून इस्पितळात होते आणि शेवटच्या भागांत त्यांचा हात नाही हे जाणवतं. चित्रपटात ती कसर भरून निघाली. आठवीतल्या मुलीला 43 भाग बसून बघायला लावण्यापेक्षा हे बरं.

निशिकासाईकर

गच्चीवरून, तुमच्या लेकीने यादी उघडून ताडून पाहिलं याचा मला फार आनंद झाला. असंच बघायला हवं.

मी तोक्योत राहते, निशिकासाईत. इथे आपली मराठी घरं भरपूर आहेत. पुण्याला रानडेमध्ये जपानी शिकत असताना गंडमचं नाव पहिल्यांदा ऐकलं आणि इथे आल्यावर सगळं मुळातून पाहिलं. माझ्या कपाटात मालिकेचा जपानी संच आहे, त्यात पंधरावा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो भाग हरवलेला नाही, मुद्दाम काढलेला आहे. दिग्दर्शक तोमिनो योशियुकी यांच्याच इच्छेवरून इंग्रजी आवृत्तीतून तो वगळला गेला. कारण चित्रं. त्या भागाचं काम बाहेर दिलं होतं आणि ते लपत नाही. त्यातला झाकू, म्हणजे झिऑनचा रोबो, बघाल तर कळेल: डोकं लांबट, सोंड पुढे आलेली, हातपाय काटकुळे, आणि एका दृश्यातला झाकू दुसऱ्या दृश्यात ओळखू येऊ नये इतका बदलतो. इथले चाहते त्या झाकूवर वर्षानुवर्षं बोलत आले आहेत.

पण गोष्ट काय आहे बघा. मदतीचा संदेश आला म्हणून अमुरो छोटं विमान घेऊन एका बेटावर उतरतो. तिथे दोआन नावाचा, झिऑनच्या सैन्यातून पळालेला एक माणूस चारदोन अनाथ मुलांना सांभाळतोय. मुलं अमुरोला दगड मारतात. मग कळतं, या मुलांचे आईबाप दोआनच्याच हातून मेलेत. मुलांनाही मारायचा हुकूम होता, तो त्याच्याने झाला नाही, म्हणून त्यांना घेऊन तो पळाला. त्याच्याकडे झाकू आहे पण बंदूक नाही. पाठलागावर आलेल्या झाकूशी तो दगडांनी आणि नुसत्या हातांनी लढतो. शेवटी अमुरो दोआनचा झाकू उचलून समुद्रात फेकून देतो. म्हणतो, तुमच्या अंगाला जो लढाईचा वास आहे तोच पाठलाग करणाऱ्यांना इथे ओढून आणतो. दोआन चिडत नाही, त्याला ते पटतं.

आता हा भाग कुठे येतो तेही बघा. तेराव्यात अमुरो आईला भेटतो आणि आपल्या मुलाने माणसावर गोळी झाडली हे बघून ती आई हादरते. चौदाव्यात, तुम्ही पाहिलंच आहे, बॉम्ब लावणारे झिऑनचे तरुण शेवटी गावकऱ्यांसारखे येऊन गंडम चालवणाऱ्याचं तोंड बघून जातात, आणि तो एवढासा पोरगा निघतो. पंधराव्यात दोआन. आणि सोळाव्यात अमुरोच्या जहाजावरचं, व्हाइट बेसवरचं मीठ संपत आलंय म्हणून आचारी तामुरा कॅप्टनकडे येतो, मीठ शोधायला जहाजाची वाट वळवावी लागते. युद्धात मीठ संपतं ही गोष्ट लहान मुलांच्या रोबोच्या मालिकेत 1979 साली कोणी दाखवली होती? हे चार भाग सलग बघितले की अमुरो का बदलतो ते समजतं. एक काढला की ती वीण उसवते.

म्हणून चिंचपोकळी, तुमच्याशी मी सहमत नाही. चित्रपट फार सुंदर आहेत, ते मी कोणालाही बघायला सांगेन, पण मालिकेनंतर. आईची भेट पहिल्या चित्रपटात आहे, पण बॉम्बचा भाग नाही आणि दोआनही नाही. ज्या भागावर गच्चीवरूनच्या लेकीने श्वास रोखला तोच चित्रपटात गायब आहे! मोठ्या लढाया ठेवायच्या आणि मीठ, बेट, बॉम्ब काढायचे, तर मग उरलेलं युद्ध फक्त बघायला छान होतं.

तोमिनोंचा अधिकार मी मानते. काम त्यांचं आहे. पण चित्र वाईट निघालं म्हणून गोष्ट काढून टाकली, हे मला पटलेलं नाही. ज्यांनी मालिका डिस्कवरच पाहिली त्यांच्यासाठी डिस्कवर नाही ते घडलंच नाही असं होतं, आणि परदेशातल्या एका अख्ख्या पिढीचं तसं झालं. ती मालिका आधीच कापलेली होती: 52 भाग ठरले होते, खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाला विक्री दिसेना म्हणून 43 वर आटोपली. 1980 च्या जुलैत बान्दाईने प्लॅस्टिकची मॉडेलं बाजारात आणली, 300 येनला एक, आणि मग सगळा जपान वेडा झाला. तेव्हा मालिका संपून सहा महिने होत आले होते. इतक्या मुश्किलीने उरलेल्या 43 मधला एक आपण का सोडायचा?

आणि एक चांगली बातमी. 3 जून 2022 ला 'कुकुरुस दोआनचं बेट' याच गोष्टीवर पूर्ण लांबीचा चित्रपट आला, दिग्दर्शक खुद्द यासुहिको योशिकाझु. म्हणजे ज्यांनी 1979 ला पात्रं रेखाटली तेच. अमुरोला आवाज फुरुया तोरु यांचाच. मुलांची संख्या वाढली, बेट कॅनरी बेटांमधलं दाखवलं, आणि मला सर्वांत आवडलं ते हे की दोआनचा झाकू त्यांनी तसाच काटकुळा, लांब तोंडाचा ठेवला. चूक झाकायची नाही, तिलाच त्या यंत्राचा चेहरा करायचं. मी तो थिएटरात पाहिला तेव्हा तो झाकू उठून उभा राहिला आणि मला रडू आलं.

गच्चीवरून

अहो, किती मनापासून लिहिलंत! लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते आता पंधरावा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यामुळे आमचं सगळं सोळाव्यावर अडलंय.

जपानी संच मागवला तर आमच्या प्लेअरवर चालेल का? आतेभावाचा संच चालतोय कारण प्लेअर बऱ्याच आधी दुकानदाराकडून सगळ्या रिजनसाठी (डिस्क ज्या देशांसाठी काढलेली असते तो गट) उघडून घेतला होता. पण तो फक्त डीव्हीडी वाजवतो. आणि जपानी आम्हाला काडीचं येत नाही.

निशिकासाईकर

डीव्हीडीत अमेरिका रिजन 1, जपान 2, भारत 5. तुमचा प्लेअर अमेरिकेची डिस्क वाजवतो म्हणजे जपानचीही बहुतेक वाजवेल. ब्ल्यू-रेचं गणित निराळं: जपान आणि अमेरिका दोन्ही ए मध्ये, आपण सी मध्ये. त्यामुळे अमेरिकेतल्या माणसाला जपानी ब्ल्यू-रे सरळ चालते आणि पुण्या-मुंबईतल्याला चालत नाही. पुढेमागे ब्ल्यू-रे प्लेअर घेणार असाल तर रिजन-फ्रीच घ्या, आणि डीव्हीडी व ब्ल्यू-रे दोन्हींसाठी मोकळा आहे ना हे दुकानात डिस्क लावून बघा. काही यंत्रं एकासाठीच मोकळी असतात.

सबटायटलचं मात्र जपून. जपानसाठी काढलेल्या डिस्कवर इंग्रजी सबटायटल गृहीत धरू नका. पाठीमागच्या बारीक अक्षरांत भाषांची रांग असते, विकणाऱ्याकडून त्या बाजूचा स्पष्ट फोटो मागवा आणि इथे वर्णन लिहा, मी सांगेन काय आहे ते.

इथे जुन्या डिस्क मिळतात त्या नाकानोच्या ब्रॉडवे इमारतीत, आकिहाबाराला, आणि उपनगरांतल्या जुन्या पुस्तकांच्या साखळी दुकानांत. किंमत ठरते ती डब्याभोवतीची कागदी पट्टी शाबूत आहे का, पुस्तिका आहे का यावर. तुम्हाला फक्त एक भाग बघायचा आहे, तर भाड्याने देणाऱ्या दुकानांनी काढून टाकलेल्या सुट्या डिस्क बघा. त्यांच्यावर दुकानाची चिकटपट्टी असते, डबा साधा असतो, म्हणून संग्राहक हात लावत नाहीत आणि फार स्वस्त मिळतात. चित्र तेच.

गंमत म्हणजे अमेरिकेत ही मालिका डीव्हीडीवर 2001 पासूनच यायला लागली होती, फक्त इंग्रजी आवाजात. जपानमध्ये मालिकेचा डीव्हीडी संच यायला 2006 चा डिसेंबर उजाडला. आणि इंग्रजीत मूळ जपानी आवाज मिळायला 2011. तुमच्या संचात जपानी आवाज असेल तर कृपा करून तोच लावा. झिऑनचा मुखवटेवाला शार, त्याच्या तोंडून इकेदा शुइची यांचा आवाज ऐकला नाही तर शार भेटलाच नाही.

टीव्हीचं पण बघा. मालिका चौकोनी चित्रात आहे, 4:3. टीव्ही आपोआप ताणत असेल तर ते बंद करा, डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत. आणि चित्र गुळगुळीत करणारी सेटिंगं बंद करा. त्या काळी टीव्हीच्या मालिका 16 मिमी फिल्मवर चित्रित होत. ते फिल्मचे दाणे, सेलवरची (ज्या पारदर्शक तावावर चित्र रंगवतात तो) रंगाची जाडी, एखादा धुळीचा ठिपका, सगळं त्या कामाचं आहे. यासुहिकोंची पेन्सिलीची रेघ कुठे जाड होते नि कुठे बारीक, ते दाण्यांसकटच दिसतं. दाणे पुसले की रेघही पुसली जाते.

चिंचपोकळी

मीठ आणि बॉम्बबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी चित्रपटच आधी पाहिले, चौदावा भाग खूप उशिरा पाहिला, आणि तो चित्रपटात हवा होता हे मलाही वाटतं. तरी तिसऱ्या चित्रपटाबद्दल मागे हटणार नाही. आ बाओआ कू ची शेवटची लढाई आणि त्यावर इनोऊए दाइसुके यांचं गाणं, हे मालिकेत त्या ताकदीने नाही.

गच्चीवरून, चित्रपट घ्याल तेव्हा एक बघा. 2000 साली तिन्हींचा आवाज नव्याने केला, संवाद परत बोलून घेतले, स्फोटांचे आवाजही बदलले. इंग्रजीतली 2002 ची डीव्हीडी तीच आहे. 2010 ला आली तिच्यात थिएटरातला मूळ मोनो आवाज आहे. खोक्यावर वर्ष बघून घ्या.

निशिकासाईकर

तिसऱ्या चित्रपटाबद्दल अगदी मान्य! मूळ मोनोच घ्या, यावर माझंही दुमत नाही.

गच्चीवरून, माझी मावसबहीण दिवाळीला डोंबिवलीला येतेय. सुट्या डिस्कमध्ये पंधरावा असलेली मिळाली तर तिच्याबरोबर पाठवते. सबटायटल नसतील तर मी सगळे संवाद मराठीत लिहून देते, वेळेच्या आकड्यांसकट. वीस-बावीस मिनिटांचा भाग आहे, माझ्या एका रविवारचं काम. लेकीला विचारा, दोआनला ती मुलं काय म्हणून हाक मारतील? नावाने, की काका म्हणून? तिला जे बरोबर वाटेल तसं लिहीन.

गच्चीवरून

विचारलं. खूप वेळ विचार करून म्हणाली, "ज्याने आईबाबांना मारलं त्याला काका कसं म्हणतील? पण त्यांना ते माहीत आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हीच सांगा, मुलांना ते माहीत असतं का?

निशिकासाईकर

तिला म्हणावं, ते मी सांगणार नाही, डिस्क आली की तिनेच बघून ठरवायचं. तोवर नुसतं 'दोआन' लिहिते, नंतर ती सांगेल तसं बदलू. पत्ता मला खासगी निरोपात पाठवा, इथे उघड्यावर टाकू नका.