गावच्या साहित्य संमेलनांची ई-मेल यादी: कन्फर्म लिंक हवी की थेट नोंद?

सीमावाचक
कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. हिवाळा आला की आपल्या बेळगाव तालुक्यात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. तारखा, पाहुणे, ग्रंथदिंडीची वेळ हे सगळं ई-मेलनं कळवायचं, असं आमच्या वाचकगटात ठरलंय. व्हॉट्सॲपवर पत्रिका अर्ध्या दिवसात वर सरकते, आणि पुण्याला-गोव्याला गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत पोचतही नाही.

वाद आहे तो यादी कशी करायची यावर. मंडपाच्या दाराशी वही ठेवून पत्ते घ्यायचे आणि थेट यादीत घालायचे, म्हणजे सिंगल ऑप्ट-इन? की आधी एक मेल पाठवून त्यातली लिंक दाबणाऱ्याचंच नाव धरायचं, म्हणजे डबल ऑप्ट-इन?

माझं मत ठाम आहे. लिंक दाबल्याशिवाय नाव धरू नये. गर्दीत लिहिलेल्या पत्त्यातलं एक अक्षर चुकीचं वाचलं, तर मेल परत येतो किंवा भलत्याच माणसाकडे जातो. तो सरळ 'स्पॅम' दाबतो. अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा, असं जीमेलचा नियम सांगतो. म्हणजे हजारात तीन. आपली यादी काही शेकड्यांची. दोन-तीन परक्यांच्या रागापायी, ज्यांना खरंच हवंय त्यांचेही मेल स्पॅममध्ये जायचा धोका आहे.

खानापूरचा वाचक
सर, संमेलनाला येतं कोण ते बघा की. निवृत्त गुरुजी, शेतकरी, महिला मंडळातल्या बायका. त्यांचा मेलचा पत्ता नातवानं फोन घेताना काढून दिलेला. मेल वाचतात, पण 'लिंक दाबा' दिसलं की थांबतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. लिंक दाबली आणि खात्यातले पैसे गेले, हे रोज पेपरात येतंय. ज्या गोष्टीपासून आपणच त्यांना सावध करतो, तीच करायला लावायची?

स्वतःच्या हातानं वहीत पत्ता लिहिला, तीच संमती. एकगठ्ठा मेल पाठवायची सेवा देणाऱ्या मेलचिंप कंपनीनंसुद्धा २०१७ मध्ये सिंगल ऑप्ट-इनच मूळ सेटिंग केलं. त्यांना व्यवहार कळत नव्हता असं नाही.

चिकोडीची लेक
दादा, त्याच वेळी मेलचिंपनं युरोपीय संघासाठी डबलच ठेवलं, तेही सांगा. तिथे संमतीचा पुरावा मागतात. आता आपल्याकडेही तेच येतंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वाद झाला तर संमती घेतल्याचं सिद्ध करायची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर आहे. वहीतली माहिती संगणकात चढवली की तीही या कायद्याखाली येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेत आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत.

याच कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे, कन्नडही आहे. सीमाभागात मराठीत कागद मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं झगडतायत. आपण स्वतः यादी करताना तरी तो मराठीत द्यायला नको का?

येळ्ळूरकर
ताईंचं खरं हाय. लोक लिंक दाबत नाहीत त्याचं निम्मं कारण तेच. मेलचिंपसारख्या सेवांचा कन्फर्मचा मेल आपण बदलला नाही तर बहुतेक वेळा इंग्रजीतच जातोय. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी, खाली बटण. कोण दाबणार? विषयातच लिहा, 'येळ्ळूर संमेलनात तुम्ही पत्ता दिला होता'. पाठवणाऱ्याच्या जागी गटाचं मराठी नाव घाला. आणि मेल त्याच दिवशी गेला पाहिजे. आठ दिवसांनी गेला तर आपण पत्ता दिलेला कुणाच्या ध्यानात राहतंय?

त्यापेक्षा दाराशी क्यूआर कोड लावा आणि दोन पोरं उभी करा. माणूस आपल्याच फोनवर पत्ता टाईप करेल, तिथंच मेल उघडून लिंक दाबेल. समोर ओळखीचं पोरगं असलं की भीती राहत नाही.

खानापूरचा वाचक
क्यूआर चांगला आहे, पण मंडपात गर्दी झाली की नेट चालत नाही. मग शेवटी वहीच. त्यापेक्षा थेट नोंद करा, पहिल्याच मेलमध्ये सगळ्यात वर 'नको असल्यास इथे दाबा' ठेवा, परत आलेले पत्ते लगेच काढा. ज्याला नको तो जाईल. ज्याला हवंय त्याच्यावर कशाला ओझं?

सीमावाचक
ज्यानं पत्ता दिलाच नाही, त्यानं 'नको' म्हणायचा त्रास का घ्यावा? वेबसाइटवरच्या फॉर्मचं तर आणखी वाईट. तिथे बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, दुसऱ्यांचे पत्ते भरतात. एकाच माणसाचा पत्ता शेकडो याद्यांत घालून त्याची पेटी मेलनं बुजवून टाकायची, असे हल्ले २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाले. थेट नोंद घेणाऱ्या अनेक याद्या त्यात नकळत हत्यार झाल्या. आपल्या गटाच्या नावानं असं व्हावं, हे मला सहन होणार नाही. हवं तर तीन दिवसांनी एकदा आठवण पाठवू. पंधरा दिवसांत उत्तर नाही, तर नाव पुसायचं.

खानापूरचा वाचक
वेबसाइटच्या फॉर्मसाठी लिंक ठेवा, तिथे माझी हरकत नाही. वहीतलं नाव पुसायला मात्र विरोध कायम. वहीत फोन नंबराचा रकाना ठेवा. ज्यांनी लिंक दाबली नाही त्यांना फोन करून मराठीत विचारा, उत्तर तारखेसह लिहून ठेवा. पुरावाही होईल. खानापूर तालुक्यातले फोन मी करतो.

चिकोडीची लेक
फोनवर पत्ता एकेक अक्षर परत वाचून दाखवणार असाल, तर मला चालेल. चिकोडी-निपाणीकडचे माझ्याकडे द्या. पण फोनही लागला नाही, तर ते नाव यादीत जाणार नाही, एवढं आधी लिहून ठेवा.