कोन फिल्टरआधी ओढ मोजा

भाऊ, जुन्या टर्बो डिझेल ट्रकचा हवेचा कागदी फिल्टर काढून तेलाचा कोन (तेल लावलेला, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) बसवायचा म्हणताय, पण जरा थांबा. इंदूरकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती कोनातून निसटली की टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलची (हवा दाबणाऱ्या चाकाची) पाती आणि पिस्टन रिंगा खाते. शिवाय केबिनखाली उघडा कोन इंजिनची गरम हवाच ओढतो.

आधी फिल्टर आणि टर्बोमधल्या पाइपला व्हॅक्यूम गेज लावा आणि भरल्या गाडीने इंदूरजवळचा भेरू घाट चढताना ओढ, म्हणजे हवा खेचायला इंजिनला किती जोर लागतो, ते बघा. ही ओढ इंच पाण्यात मोजतात; बऱ्याच ट्रकांचा फिल्टर चोंदल्याचं दाखवणारा इंडिकेटर 25 इंच पाण्याला लाल होतो. तुमच्याकडे 10-12 च येत असेल तर नव्या इनटेकने (हवा आत घेणाऱ्या जोडणीने) हाती काही लागणार नाही.

पैसे फिल्टर ते टर्बो जाणाऱ्या होजवर घाला. जुना रबरी होज गाडी उभी असताना ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुटला असेल तर जोर लागताच चपटा होतो. तारेचं वेटोळं असलेला सिलिकॉन होज आणि टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. ब्रीदरची (इंजिनमधली तेलकट वाफ बाहेर सोडणारी) नळी त्याच पाइपात येत असेल तर साधं सिलिकॉन तेलाने फुगतं, म्हणून आतून फ्लोरो (तेलाला टिकणाऱ्या फ्लोरोसिलिकॉन) अस्तराचाच मागा. फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. राखाडी रेघ उमटली तर धूळ आत जातेय. मुख्य फिल्टरच्या आतला दुसरा, सेफ्टी फिल्टर हवा मारून परत बसवू नका, बदलाच.