मदत हवी आहे: विश्रांतीनंतर अर्धमॅरेथॉनचा सराव कसा वाढवावा?

हंगामानंतरच्या दीर्घ विश्रांतीनंतर मी अर्धमॅरेथॉनचा, म्हणजे 21.1 किलोमीटरचा, सराव पुन्हा सुरू केला आहे. सध्या एक दिवसाआड, सहज बोलता येईल इतक्याच वेगाने धावतो; पूर्वीच्या वेगाजवळ जाताच मात्र हृदयाचे ठोके झपाट्याने वाढतात. दम काही आठवड्यांत परत येईल याची मला खात्री आहे. खरी काळजी वाटते ती कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) आणि हाडांची, कारण त्यांना भार सोसण्याची सवय व्हायला अधिक वेळ लागतो. दुखापत नाही, वैद्यकीय तपासणी झालेली आहे आणि आठवड्यातून चारपेक्षा अधिक दिवस देणे शक्य नाही. दर आठवड्याला दहा टक्के अंतर वाढवण्याचा प्रचलित नियम मला फार ढोबळ वाटतो. अशा स्थितीत आधी अंतर पूर्ववत करून मगच वेगाचा सराव घ्यावा, की तो थोड्या प्रमाणात आतापासूनच ठेवावा. आणि शर्यतीत नाव नोंदवण्याइतकी तयारी झाली, हे कोणत्या खुणांवरून ठरवावे?