अनुभव धागा: तुमच्या घरून मारबतीसोबत काय गेलं?

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मोठ्यांची मारबत, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि लहानांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, हे दरवर्षी पेपरात येतं, भोसले घराण्यातल्या बांकाबाईची कथाही येते. ती इथे पुन्हा नको. मला विचारायचंय ते घरातलं. "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" ओरडताना तुमच्याकडचे लोक नक्की काय न्यायला सांगायचे? माझी आजी खासी-खोकला मोठ्यानं म्हणायची आणि मग ओठातल्या ओठात आणखी काहीतरी. विचारलं तर म्हणे, "तिला ऐकू गेलं ना, तुला कशाला?" आजी गेली, ते काय होतं ते कळलंच नाही. तुमचं लिहा.

इतवारीकर
आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर. त्या दिवशी घर आमचं राहतच नसे. सकाळी सातपासून गॅलरीत नातेवाईक, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. आई पातेलंभर तर्री करून ठेवायची आणि पोहे संपले की पुन्हा भिजवायची. काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या की मला वाटे आता जुंपणार. होत काही नसे, ढोल तेवढे दुप्पट वाजत. बाबांचं किराणा दुकान. ते गॅलरीतून ओरडायचे, "उधारी घेऊन जाय गे मारबत!" आई आतून म्हणे, "अहो, उधारी गेली तर वसूल काय करणार?" एका वर्षी त्यांनी "उधारीवाले घेऊन जाय" असं बदललं, तर खाली गर्दीत आमचंच एक जुनं गिऱ्हाईक उभं. त्यानं वर बघून हात जोडले. पुढच्या वर्षीपासून बाबा फक्त खोकल्यावर आले.

काटोलकडची
मी लग्नानंतर नागपूरची. आमच्या गावात एवढी मोठी मारबत नव्हती, पळस होता. पोळ्याला दारोदारी पळसाच्या फांद्या लावायच्या, आम्ही त्यांना मेढे म्हणतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं ते उपटून ओरडत शिवेबाहेर टाकून यायची. माझ्या मामाला मेढा उपटायची भारी हौस, चारच्या अंधारातच जायचा. एकदा चुकून शेजारच्या काकूंनी लावलेली तुळशीजवळची शेवग्याची फांदीही घेऊन गेला. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. खांदमळणीचं तर वेगळंच लिहावं लागेल. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. बाबा ते इतक्या हळू म्हणायचे, जणू बैल सोडून कुणाला ऐकू जाऊ नये.

बोजारा
विषय थोडा सोडतो. लाकडी बैल, चाकं, सुतळी, आणि घरोघरी मिळणारा बोजारा, म्हणजे पोरांना हातावर ठेवायचे पैसे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी तान्हा पोळा सुरू केला म्हणतात. त्यांचे आभार, कारण वर्षभरात माझ्या हातात स्वतःचे पैसे फक्त त्याच दिवशी पडायचे. मारबतीला मी काहीच दिलं नाही. वेळच नव्हता.

(धागा सुरू करणारी: बोजाऱ्यासाठी वेगळा धागा काढते. तोवर मारबत.)

मनीषनगर, चौथा मजला
२०२० ला मिरवणूक नव्हती. आईनं सकाळी अंघोळ केली, गॅलरीत आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "या वर्षी तू नाही आलीस तरी ते घेऊन जा गे." आजाराचं नाव घेतलं नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी बाहेरच उभ्या होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "हो गे बाई, घेऊन जा." दोघींची तोवर ओळखही नव्हती.

पोट्टा नं. १
आमच्या वस्तीतल्या पोट्ट्यायनं एका साली रस्त्यावरच्या खड्ड्यायचा बडग्या, म्हंजे मारबतीसंगं काढतेत तो पुतळा, केला होता. बांबू, रद्दी पेपर, माह्या मायची जुनी साडी. रातभर खळ लावून राहिलो होतो. सकाळी हातगाडीवर उभा केला अन् "खड्डे घेऊन जाय गे मारबत" वरडत निघालो. चौकाच्या अलीकडंच गाडीचं चाक खड्ड्यात फसलं अन् बडग्या तोंडावर पडला. एक काका म्हणे, "काय बे, करून पन दाखवून राहिले का?" मुंडकं निखळलं होतं. मग बिनमुंडक्याचाच नेला, मुंडकं मी काखेत धरलं होतं.