शब्दचर्चा : टसर पतंगाची ‘जाती’ की ‘प्रजाती’?

प्रश्न (कोथरूड) : शाळेच्या निसर्गमंडळासाठी टसर रेशीम देणाऱ्या पतंगाचा फलक करायचाय. बातम्यांत ‘अँथेरिया मायलिटा ही पतंगाची प्रजाती’ असं सर्रास असतं. मुलांच्या पुस्तकात मात्र प्रजाती ही जातीच्या वरची पायरी. फलकावर काय लिहू?

सदाशिव पेठ : ‘जाती’च लिहा. सजीवांच्या वर्गीकरणाची मराठीतली उतरंड, वरून खाली, अशी : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही ‘अमुक प्रजातीतल्या इतक्या जाती’ अशाच असतात. हिंदीत वरच्या पायरीला वंश म्हणतात आणि खालच्या पायरीला प्रजाति. तिथला शब्द तसाच उचलला की घोळ झालाच.

टसरच्या बाबतीत हा काथ्याकूट नाही. अँथेरिया ही प्रजाती. आसामचा मुगा तिच्यातला, चीनमध्ये ओकवर पोसला जाणारा टसरही तिच्यातलाच. ऐन-अर्जुनावर वाढणारा आपला उष्ण कटिबंधातला टसर म्हणजे मायलिटा ही जाती. नुसतं ‘अँथेरियाचं रेशीम’ म्हटलं तर यातलं कुठलं, ते कळणारच नाही. तुतीवरचा रेशीमकिडा तर कुलापासूनच वेगळा : तो बॉम्बिसिडी, टसर सॅटर्निइडी. दोघांचा गण तेवढा एक, लेपिडोप्टेरा.

बिबवेवाडी : ‘जाती’ मला पटत नाही. हा शब्द ऐकला की मुलांच्या मनात आधी माणसांची जात येते. लोक ‘प्रजाती’कडे वळले त्याला हेही कारण असणार. शिवाय शेतकरी ‘इंद्रायणी ही भाताची जात’ म्हणतो, तिथे जात म्हणजे वाण. एका शब्दावर किती ओझं टाकायचं? वंश-प्रजाती अशी जोडी का घेऊ नये?

सदाशिव पेठ : तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि माणसांच्या जातीचा विचार तर टाळता येण्यासारखा नाहीच. वंश-प्रजाती घ्यायची तर खुशाल घ्या, पण जोडी म्हणून घ्या. एक शब्द इकडचा, एक तिकडचा, हे नको. हा फलक शाळेत लागणार आहे, म्हणून मी पुस्तकातली जोडी धरली.

हडपसर (मूळ भंडारा) : आमच्याकडे याला कोसा म्हणतात. फलकावर कोश जरूर दाखवा. अंड्यासारखा टणक असतो, वर लांब देठ, आणि देठाच्या टोकाची कडी फांदीला घट्ट वेढलेली. पतंगाच्या चारही पंखांवर एकेक गोल असतो आणि त्याचा मधला भाग काचेसारखा आरपार दिसतो. प्रौढ पतंग काही खात नाही, अळीनं साठवलेल्यावरच त्याचं भागतं. एक विचारायचंय : नावापुढे ‘ड्रुरी’ कंसात का असतं?

सदाशिव पेठ : जातीचं नाव ज्यानं पहिल्यांदा दिलं, तो ड्रुरी. त्यानं ती जाती दुसऱ्या प्रजातीत घातली होती. पुढे ती अँथेरियात आली, म्हणून कंस. प्रजाती बदलली तरी ‘मायलिटा’ तसंच राहिलं. दोन्ही पायऱ्यांना वेगळे शब्द का हवेत, ते या कंसातच दिसतं. काही अभ्यासक मायलिटाला वेगळी जाती न मानता लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८मध्ये नाव दिलेल्या ‘पॅफिया’ या जातीतच धरतात. तेव्हा तुम्ही नाव कुठल्या यादीप्रमाणे घेतलंत, तेही फलकाच्या खाली लिहा.